घराचा पूरविमा आम्ही निवडायचा कसा? विमा नियामकांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत नद्यांचं पाणी गावागावांत शिरलं होतं. त्याच दिवसांत, २२ सप्टेंबरपासून, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्यावरचा जीएसटी शून्यावर आला. निर्णय चांगला आहे. पण घराच्या विम्यावरचा अठरा टक्के कर होता तिथेच राहिला, आणि त्याबद्दल कुठे साधी चर्चाही झाली नाही. माणसाचा विमा ही गरज आणि त्याच्या डोक्यावरच्या छपराचा विमा ही हौस, असं ठरून गेल्यासारखं झालं. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

कर ठरवणं जीएसटी परिषदेचं काम आहे, आपलं नाही, हे मी जाणते. तरी पत्र आपल्यालाच लिहिते आहे, कारण घराचा विमा कसा असावा आणि तो कोणी, कोणत्या भाषेत, काय सांगून विकावा, हे आपल्या अधिकारात येतं. आमची खरी अडचण करापेक्षा तिथे मोठी आहे. आणि पत्र उघड लिहिते आहे ते अशासाठी, की ज्यांच्या घरात कधी तरी पाणी येऊ शकतं त्या सगळ्यांनी ते वाचावं आणि आपापल्या कपाटातली पॉलिसी काढून एकदा तपासावी.

मी सांगलीच्या गावभागात राहते. कृष्णाकाठच्या माणसाला पावसाळ्यात दोन आकडे पाठ असतात. आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि दिवसेंदिवस गल्ल्यांतून हललं नाही. जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा ५४ फुटांच्या वर आलं. २००५ चा पूर पाहिलेली वडीलधारी माणसं म्हणायची, याहून मोठा पूर आता होणे नाही. चौदा वर्षांत तो मागे पडला. आम्ही उठून कुठे जाणार? घर इथे आहे, रोजीरोटी इथे आहे, मुलांच्या शाळा इथे आहेत. पूर येणार हे धरूनच आम्हाला राहायचं आहे.

माझं काम हिशेबाचं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांचे जमाखर्च मी लिहिते. २०१९ नंतर ओळखीपाळखीची माणसं विम्याचे कागद घेऊन माझ्याकडे यायला लागली, कारण ते कागद इंग्रजीत असतात आणि आकड्यांनी भरलेले असतात. काही कर्नाळ रोडच्या दत्तनगर, काकानगर भागातली, काही सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटमधली. पाणी वाढायला लागलं की पहिलं त्यांच्याच दारात येतं. त्या कागदांतून जे दिसलं ते पुढे मांडते.

त्याआधी, विमा का लागतो ते आकड्यांत सांगते. केंद्राच्या आपत्ती मदत निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. पक्कं घर अंशतः पडलं तर ६,५०० रुपये, कच्चं असेल तर ४,०००. भांड्यांसाठी २,५०० आणि कपड्यांसाठी २,५००. ही मदत वेळेला उपयोगी पडते, पण पाण्यात राहून फुगलेली एक भिंत उतरवून पुन्हा बांधायला ६,५०० रुपयांत गवंडी हातही लावत नाही. उरलेला खर्च दागिने गहाण ठेवून, सोसायटीचं कर्ज काढून किंवा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडून भागवला जातो. २०१९ चं कर्ज फिटायच्या आत २०२१ चा पूर आला, अशी घरं माझ्या माहितीत आहेत.

आता जे चांगलं आहे ते आधी नोंदवते. १ एप्रिल २०२१ पासून आपण ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणलीत आणि आग व मालमत्तेचा विमा विकणाऱ्या कंपन्यांना ती ठेवणं बंधनकारक केलंत. मी ती मुळातून वाचली आहे. त्यात आग, वीज, भूकंप, वादळ, दरड यांच्या जोडीला पूर आणि पाणी तुंबून झालेलं नुकसान मूळ संरक्षणातच आहे, वेगळं मागावं लागत नाही. घराच्या बांधकामाचा विमा काढला की त्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सर्वसाधारण सामानाला यादी न देता आपोआप संरक्षण मिळतं. फक्त बांधकामाचा विमा घेता येतो, फक्त सामानाचाही घेता येतो, म्हणजे भाडेकरूलाही दार उघडं आहे. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याची सोय आहे. दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते.

सगळ्यात मोलाची सुधारणा रकमेबद्दलची आहे. जुन्या पॉलिसींत घराचा विमा खऱ्या किमतीच्या निम्म्याचा असला तर भरपाईही निम्मीच मिळायची. तीन लाखांचं नुकसान झालं तरी हातात दीड लाख. नव्या पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत जेवढं नुकसान तेवढी भरपाई. सामान्य माणसाच्या बाजूनं विचार करून हे लिहिलेलं आहे, आणि त्याबद्दल मी आपले आभार मानते.

मग तक्रार कसली? तक्रार ही, की माझ्याकडे आलेल्या कागदांत ही पॉलिसी क्वचितच सापडली.

सापडलं ते वेगळंच. एका शेजारणीनं घरासाठी कर्ज काढलं होतं. कर्ज देताना तिच्याकडून ‘विम्याचा’ एकरकमी हप्ता घेतला गेला आणि तो कर्जातच मिळवला गेला. म्हणजे त्या हप्त्यावरही ती व्याज भरत राहिली. २०२१ चं पाणी ओसरल्यावर ती भरपाई मागायला गेली तेव्हा तिला कळलं, की तो विमा घराचा नव्हताच. कर्जदार दगावला तर कर्ज फिटावं म्हणून काढलेला तो आयुर्विमा होता. घर पाण्यात गेलं, माणूस जिवंत राहिला, म्हणून भरपाई शून्य. कर्जाच्या फायलीत ‘इन्शुरन्स’ असा शिक्का असल्यावर कोणाला शंका येणार? तिला कोणी खोटं सांगितलं नाही. तिला कोणी काही सांगितलंच नाही. अशी एकटी ती नाही. कर्जाच्या कागदांतला विमा मी जितक्या घरांचा पाहिला, त्यांतल्या बहुतेकांना तो माणसाचा आहे की घराचा हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या एका घरात घराचाच विमा निघाला, पण २०२१ पूर्वीचा, आगीच्या जुन्या पॉलिसीचा. त्या पॉलिसीत हप्ता कमी करून हवा असेल तर वादळ आणि पुराचा भाग सुरुवातीलाच वगळता यायचा. तो वगळलेला होता. घर कृष्णेच्या पाण्याच्या टप्प्यात, आणि पॉलिसीतून नेमका पूर काढलेला. वाचवलेले पैसे किती, तर वर्षाला काहीशे रुपये. घरमालकाला हा पर्याय कोणी समजावून सांगितल्याचं आठवत नाही. सही मात्र त्यांचीच आहे.

हे टाळायला नवा कायदा लागत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेनं विमा जोडताना एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत दोन प्रश्नांची उत्तरं लिहून द्यावीत: यात घराला पुरापासून संरक्षण आहे का? आणि पूर आला तर पैसे कोणाला मिळणार, तुम्हाला की कर्जखात्याला? त्या पानावर कर्जदाराची सही घ्यावी. इतर सगळ्या पानांवर घेतातच.

पुढची अडचण रकमेची. विमा कितीचा काढायचा, हा घरमालकाला पडणारा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी चुकीचं मिळतं. कोणी बाजारभाव धरतं, कोणी उरलेल्या कर्जाइतकी रक्कम लिहितं. आपल्या पॉलिसीत हिशेब सोपा आहे. चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये, गुणिले त्या दिवशीचा बांधकामाचा दर. जागेची किंमत यात येत नाही, कारण पूर जागा वाहून नेत नाही. समजा घर ६० चौरस मीटरचं आहे आणि बांधायला चौरस मीटरला २० हजार लागतात, तर विमा १२ लाखांचा हवा, आणि सामानाला आपोआप २ लाख ४० हजारांचं संरक्षण येतं. तेच घर बाजारात ४० लाखांना जात असेल आणि कोणी ४० लाखांचा विमा गळ्यात मारला, तर तो माणूस आयुष्यभर जागेच्या किमतीवर फुकट हप्ता भरेल. उलट कर्जाचे ५ लाख उरलेत म्हणून ५ लाखांचा विमा काढला, तर घर पडल्यावर ५ लाखच मिळतील आणि तेही आधी कर्जात जातील. हा हिशेब मी अनेकांना वहीच्या पाठपानावर करून दिला आहे. तो अर्जाच्या पहिल्या पानावर, मराठीत, सोडवलेल्या उदाहरणासह का नसावा?

बांधकामाला किती आणि सामानाला किती, हे तर आमच्याकडे कोणी विचारतच नाही. हा मुद्दा मला थोडा सविस्तर मांडायचा आहे, कारण निवड खरी इथे करायची असते. कृष्णेचा पूर चढत चढत येतो. कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती फूट झालं, हे कळत असतं. धान्याचे डबे, गाद्या, टीव्ही माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हलवायला थोडा वेळ मिळतो. पण पाणी आलं की मुक्काम करतं, आणि भिंती, पाया, वायरिंग, दारं-चौकटी सगळं सडवून जातं. आमच्यासारख्यांना बांधकामाच्या विम्याची रक्कम नीट धरणं सगळ्यात महत्त्वाचं. चिपळूणला तसं नव्हतं. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी असं चढलं, की लोकांना जीव घेऊन वर पळायलाच कसाबसा वेळ मिळाला. तळमजल्यावरचं एकूण एक सामान गेलं. महाडला सावित्रीनं तेच केलं. पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत मुठेचं पाणी शिरलं. इमारती उभ्याच राहिल्या, तळमजल्यावरचे संसार भिजले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि सुखवस्तू वस्त्यांत, बंगल्यांत पाणी गेलं. अशा ठिकाणी सामानाला आपोआप मिळणारे वीस टक्के पुरतात का, की यादी देऊन रक्कम वाढवून घ्यायला हवी, हे विमा विकताना सांगायला हवं. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, लाकडी कपाटं, मुलांचा संगणक, एवढं मोजलं तरी आजच्या घरात आकडा कुठे जातो ते कोणीही करून पाहावं. दागिने आणि मौल्यवान वस्तू तर या आपोआपच्या संरक्षणात येतच नाहीत, त्यासाठी वेगळा पर्याय घ्यावा लागतो, हेही बहुतेकांना ठाऊक नाही. नदी कशी चढते, घर कितव्या मजल्यावर आहे, भिंती कशाच्या आहेत, हे तीन प्रश्न विचारणारा विमा प्रतिनिधी मला आजवर भेटलेला नाही.

भिंतींचं निघालं म्हणून तेही लिहिते. अर्जात बांधकाम पक्कं की कच्चं असं विचारतात. कच्चं म्हणजे काय, तर गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर. आमच्या गावभागात आणि नदीकाठच्या गावांत पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची, वर कौलं असलेली जुनी घरं आहेत. तीन पिढ्या उभी असलेली. पाणी भिंतीत मुरलं की हीच घरं आधी बसतात. ती कुठल्या खणात घालायची, याचं उत्तर मला वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळं मिळालं आहे. चुकीच्या खणात खूण केली आणि उद्या भरपाईच्या वेळी ‘तुम्ही माहिती लपवली’ असं म्हटलं, तर त्या म्हाताऱ्या माणसानं कोणाकडे जायचं? मातीच्या भिंतीचं घर या विम्यात बसतं की नाही आणि बसत असेल तर कसं नोंदवायचं, हे आपण स्पष्ट शब्दांत जाहीर करावं.

पुढे दुकान आणि मागे घर, ही आमच्याकडची नेहमीची रचना. पुढच्या खोलीत किराणा, शिवणकाम, पिठाची गिरणी. मागे स्वयंपाकघर आणि देवघर. घराच्या पॉलिसीत दुकानातला माल येत नाही. त्याला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. दोन्ही आपणच एकाच दिवशी आणल्यात. पण पाणी एकाच दारातून येतं, आणि माणसाला दोन अर्ज, दोन कंपन्या, नुकसान तपासणारे दोन सर्व्हेअर यांच्याकडे धावावं लागतं. पोती कुठल्या खोलीत होती यावर वाद होतो. अशा घरांसाठी एकच अर्ज आणि एकच सर्व्हे ठेवायला काय हरकत आहे?

आता पॉलिसीतल्या दोन कलमांबद्दल. ही कलमं ज्यांनी लिहिली त्यांनी आग डोळ्यांपुढे ठेवली असावी, पूर नव्हे, असं माझं मत आहे.

पहिलं चोरीचं. विम्यात धरलेल्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळे झालेली चोरी भरून मिळते. आग विझते त्याच दिवशी घरमालक दारात उभा असतो. पुरात तो सात दिवसांत घरी परत येईलच याची खात्री नाही. २०१९ मध्ये आमच्या कितीतरी वस्त्यांत पाणीच त्याहून जास्त दिवस होतं. माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत, नातेवाइकांकडे होती. घरं उघडी, कुलपं गंजलेली, आणि चोरी कधी झाली हे कळायला मार्ग नाही. हे सात दिवस पाणी शिरल्याच्या दिवसापासून न धरता, प्रशासनानं त्या भागात परतायला परवानगी दिल्यापासून धरावेत.

दुसरं राडारोडा हटवण्याचं. त्यासाठी भरपाईच्या रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो. लाखभर रुपयांची भरपाई मंजूर झाली तर दोन हजार रुपये. पुराचा गाळ ज्यानं काढला आहे त्यालाच हा आकडा किती तोकडा आहे ते कळेल. घोटाभर, कुठे गुडघाभर चिखल, त्यात सांडपाणी, मेलेली जनावरं, भिजून कुजलेलं धान्य. तो घरातून काढायचा, ट्रॉलीनं लांब न्यायचा, मग भिंती धुवायच्या, फवारणी करायची, बोअर आणि टाकी साफ करायची. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर त्या आठवड्यात दुप्पट मागतात. त्यांचंही घर पाण्यातच असतं. पुरासाठी ही मर्यादा वेगळी आणि मोठी असायला हवी, आणि गाळ काढणं, धुणं, निर्जंतुक करणं हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलेलं हवं.

गाळाशीच जोडलेली आणखी एक अडचण पुराव्याची. सर्व्हेअर नेमण्याची मुदत आपण २०२४ मध्ये आणखी कमी केलीत, ते योग्यच झालं. पण अख्खं शहर बुडतं तेव्हा एका दिवसात शेकड्यांनी अर्ज येतात आणि सर्व्हेअर मोजके असतात. तिकडे महापालिका रोगराईच्या भीतीनं सांगत असते, भिजलेलं सामान लगेच रस्त्यावर काढून ठेवा, गाड्या उचलून नेतील. घरमालकानं ऐकायचं कोणाचं? सामान ठेवलं तर घरात लहान मुलं आजारी पडतात, टाकलं तर भरपाईला पुरावा नाही. तारीख-वेळ असलेले फोनवरचे फोटो, व्हिडिओ आणि तलाठ्याचा पंचनामा हा पुरेसा पुरावा मानावा, आणि अशा वेळी ठरावीक रकमेपर्यंतचे दावे सर्व्हेअरची वाट न पाहता निकाली काढावेत. मोठी आपत्ती आली की दावे लवकर मिटवा असं कंपन्यांना कळवलं जातं. ते दर वेळी नव्यानं कळवण्यापेक्षा पॉलिसीतच लिहून ठेवता येईल.

नदीच नव्हे, तर नुसत्या पावसानंही आमच्याकडे घरं बुडतात. शामरावनगर भागात कृष्णा पात्रात असली तरी पावसाचं पाणी साचून राहतं. गटारातून पाणी उलटून घरात येतं. हे विम्यात बसतं का, असं विचारलं की ‘नदीला पूर आला तरच’ असं सरळ सांगून टाकणारे प्रतिनिधी मी ऐकले आहेत. पॉलिसीत तसं लिहिलेलं नाही. आपण चार-पाच रोजच्या उदाहरणांसह याचं उत्तर प्रसिद्ध करावं, म्हणजे कोणाच्या तोंडी बोलण्यावर कोणाचं घर अवलंबून राहणार नाही.

काही गोष्टी राज्य सरकारच्या हातात आहेत, म्हणून या पत्राची प्रत मा. मुख्यमंत्र्यांना पाठवते आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंप यांचा विमा काढणं बंधनकारक आहे. पुराचा उल्लेख तिथे नाही. एकता नगरी झाली, नागपूर झालं, आता तो शब्द घालायला उशीर कशाला? तळमजल्यावरच्या चार सभासदांनी वार्षिक सभेत विषय काढला तर वरच्या मजल्यांवरचे म्हणतात, आम्हाला काय पाणी लागणार आहे. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, मीटरची खोली, पार्किंग हे सगळं खालीच असतं, आणि ते सगळ्यांचं असतं.

पूररेषांचंही तेच. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकाम परवान्यासाठी ह्या रेषा पाहिल्या जातात. विमा घेणाऱ्याला मात्र आपलं घर कोणत्या रेषेच्या आत आहे हे सहज कळत नाही. उद्या कंपन्या घराच्या ठिकाणाप्रमाणे हप्ता लावू लागल्या, तर त्या कोणत्या नकाशावर लावतात हे आम्हाला दिसलं पाहिजे. गट नंबर टाकला की रेषा, आणि २०१९ व २०२१ ला तिथे पाणी किती होतं, हे मराठीत दिसेल अशी सोय करता येण्यासारखी आहे.

निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या घरांना कंपन्या स्वस्तात विमा देणार नाहीत, हे मला हिशेबनीस म्हणून कळतं. दर काही वर्षांनी बुडणाऱ्या घराचा हप्ता खराखुरा लावला तर तो तिथल्या माणसाला झेपणार नाही. म्हणून याचं ओझं वाटून घ्यावं लागेल. ब्रिटननं २०१६ पासून अशी एक व्यवस्था चालवली आहे. तिथे सगळ्या कंपन्यांकडून ठरावीक रक्कम गोळा करून एक सामाईक निधी केला आहे, आणि त्यातून पुराच्या टप्प्यातल्या जुन्या घरांना परवडेल असा विमा मिळतो. २००९ नंतर बांधलेली घरं त्यात घेतलेली नाहीत, म्हणजे नदीच्या जागेत नवं बांधायला त्यातून उत्तेजन मिळत नाही. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. सांगलीत ओत, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या सखल जागा, आणि नाले भराव घालून बुजवले गेले, त्यावर प्लॉट पडले, आणि पाण्याला जायला जागा उरली नाही. जुन्यांना सांभाळायचं आणि नव्या चुकीला पैसा पुरवायचा नाही, हे दोन्ही एकाच नियमात बसवता येतं. आपल्याकडे नागालँडनं राज्य म्हणून अतिवृष्टीचा विमा घेतला आहे, ज्यात ठरलेल्या प्रमाणापेक्षा पाऊस झाला की रक्कम सरकारला मिळते. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यासाठी आयर्विन पूल किंवा कोल्हापूरचा राजाराम बंधारा इथल्या पातळीवर आधारलेला, पण थेट कुटुंबाला पैसे देणारा विमा का असू नये? पातळीच्या नोंदी आमच्याकडे तासातासाच्या असतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

‘भारत गृह रक्षा’ची संपूर्ण पॉलिसी, अर्ज आणि रक्कम काढण्याचं उदाहरण अधिकृत मराठीत द्यावं, आणि वाद झाला तर ग्राहकाला दिलेला मराठी मजकूर कंपनीवर बंधनकारक राहील असं ठरवावं. कर्जासोबत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक विम्यावर ‘यात घराला पुरापासून संरक्षण आहे / नाही’ हे पहिल्या पानावर छापावं. आजवर कर्जासोबत विमा घेतलेल्यांनाही हे एकदा लेखी कळवावं, कारण त्यांतल्या कित्येकांना आपलं घर विम्याशिवाय उभं आहे याची कल्पना नाही.

चोरीची सात दिवसांची मुदत आणि राडारोड्याची दोन टक्क्यांची मर्यादा पुरासाठी बदलावी. मातीच्या भिंतींची घरं आणि दुकान-घर यांबद्दल स्पष्ट नियम काढावेत. फोटो आणि पंचनाम्यावर छोटे दावे मिटवण्याची पद्धत कायमची करावी.

घराच्या विम्यावरचा अठरा टक्के कर काढावा अशी लेखी शिफारस आपण जीएसटी परिषदेला करावी आणि ती जाहीर करावी. विमा असलेल्या कुटुंबाची सरकारी पूरमदत कापली जाणार नाही, हे राज्य सरकारनं शासन निर्णय काढून सांगावं. या एका भीतीपोटी विमा टाळणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणि पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे, तिथे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी विनामूल्य चालतात, त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, ही माहिती प्रत्येक पूरग्रस्त तालुक्याच्या तहसील कार्यालयात आणि बँकेच्या शाखेत मराठी फलकावर लावावी. लोकपालांनी पावसाळ्यानंतर सांगली, कोल्हापूर, चिपळूण इथे येऊन सुनावण्या घ्याव्यात.

यातल्या बऱ्याच गोष्टींना एक परिपत्रक पुरेसं आहे. आमच्याकडे मेअखेरीस लोक वळचणी, कौलं, गटारं बघायला लागतात. विमा घ्यायचा की नाही हे ठरवण्याची वेळही तीच असते. निदान मराठी पॉलिसी आणि कर्जाच्या विम्याबद्दलचं लेखी कळवणं, या दोन गोष्टी येत्या ३१ मेपर्यंत व्हाव्यात, आणि उरलेल्यांपैकी काय होणार, काय होणार नाही आणि का, याचं जाहीर उत्तर आपण द्यावं, ही विनंती.

आपली,
गावभाग, सांगली येथील एक पॉलिसीधारक

प्रत माहितीसाठी: मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य